जीप किती देते?

नवीन गाडी घेतल्याचे पेढे वाटायला कुणी आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. रंग कोणता, किंमत किती, हे सगळं नंतर. आधी, "किती देते?" इंग्रजीत ॲव्हरेज म्हणजे सरासरी. आपण मात्र तो शब्द घरी आणून त्याचा अर्थच बदलून टाकला. आपल्यासाठी ॲव्हरेज म्हणजे एका लिटरमध्ये गाडी जितके किलोमीटर जाते तो आकडा, बाकी काही नाही. हा प्रश्न जुन्या जीपवाल्याला विचारून बघा. तो एक तर हसेल, किंवा रस्ता कसा आहे, गाडीत माणसं किती, फोर-व्हील टाकलंय का, अशा दहा अटी घालून एक आकडा सांगेल, आणि तोही एखाद-दोन किलोमीटरने वाढवलेला असेल.

जीप इतकी का पिते, आणि तिने कमी प्यावं म्हणून आपल्या लोकांनी पंचाहत्तर वर्षांत काय काय केलं, हा मला फार दिवस खुणावणारा विषय आहे. कारण या गोष्टीत युद्ध आहे, तेलाचं राजकारण आहे, ट्रॅक्टर आहे, वडाप आहे, आणि घाटात जिवावर उदार होऊन वाचवलेलं पेलाभर डिझेलही आहे.

सुरुवात १९४० पासून. अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी छोटी गाडी हवी होती, आणि तीही लगेच. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना ४९ दिवसांत उभा केला. पुढे मोठी ऑर्डर मिळाली ती ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडला, कारण त्यांचं इंजिन सगळ्यांत दमदार होतं. २.२ लिटरचं, ६० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. ही झाली युद्धातली विलीज एमबी. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, १५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे सुमारे ५७ लिटर. मागच्या बाजूला पेट्रोलचा जादा कॅन अडकवायची सोय. एका टाकीत साधारण तीनशे मैल जाईल असा हिशोब होता. भागाकार केला तर लिटरला साडेआठ किलोमीटर येतात, आणि तेही चांगल्या रस्त्यावर.

त्याच काळात आपल्याकडे पेट्रोलचं रेशनिंग होतं. बसच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधायची, कोळसा अर्धवट जाळून त्याचा गॅस इंजिनात सोडायचा आणि बस कशीबशी चढावर न्यायची, असे दिवस होते. साधी माणसं कोळशावर चालत होती आणि जीप पेट्रोलवर, कारण जीपमागे सैन्य होतं.

आता ती पिते का, ते बघू. पहिलं कारण डोळ्यांना दिसतं. जीपचं तोंड सपाट आहे, काच जवळपास उभी आहे. हवा कापत जायचं सोडून ती हवा ढकलत जाते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून चाळीसच्या वेगाला समजूतदार असणारी जीप ऐंशीला बेफाम पिते. दुसरं कारण खाली लपलेलं आहे. नागरी वापरासाठी आलेल्या जीपांमध्ये चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८ होतं. म्हणजे चाक एकदा फिरायला टॉप गिअरमध्येही इंजिनाला पाचपेक्षा जास्त फेरे मारावे लागतात. सोळा इंची रिमवरच्या जुन्या बारीक टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरला, तर ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेतं. ऐंशीला ३२००. शेतात नांगर ओढायला हे प्रमाण उत्तम आहे. आणि विलीजने युद्धानंतर ही गाडी शेतकऱ्याला विकायचं ठरवलं होतं, त्यामुळे त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. पण आपण ती घेऊन हायवेला लागलो.

तिसरं कारण पुढच्या चाकांचं. फोर-व्हीलचा दांडा काढून ठेवला तरी पुढची चाकं रस्त्यावर फिरतातच, आणि ती फिरताना आपल्याबरोबर ॲक्सलचे शाफ्ट, पुढचं डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट हे सगळं वऱ्हाड फिरवतात. कुणीही नाचत नाही, पण जेवण सगळ्यांना. १९४८ मध्ये अमेरिकेत आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने यावर उपाय म्हणून चाकाच्या मध्यभागी बसणारे लॉकिंग हब विकायला सुरुवात केली. फोर-व्हील नको असेल तेव्हा हब मोकळा करायचा, मग चाक एकटंच फिरतं. युद्धातली जीप रोजच्या रस्त्यावर वापरायला लागताच दोन-तीन वर्षांत माणसं तिचं पिणं कमी करायच्या मागे लागली होती.

भारतात जीप आणली महिंद्रांनी. के. सी. महिंद्रा युद्धकाळात सरकारी खरेदीच्या कामासाठी अमेरिकेत होते. १९४५ मध्ये महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये इकडच्या पाटीवर दोनदा महिंद्रा लागलं. जीपचे सुटे भाग जहाजाने मुंबईत यायचे आणि माझगावला जोडले जायचे. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. बॉनेट उंच का, तर आत हरिकेन नावाचं नवं, उंच इंजिन होतं. अमेरिकेत ही गाडी १९५३ ते १९६८ एवढीच बनली. आपल्याकडे तिची नातवंडं-पतवंडं त्यानंतरही दशकानुदशकं रस्त्यावर उतरत राहिली.

पहिली पंचवीसेक वर्षं तिच्या पिण्याबद्दल कुणी फार बोललं नाही, कारण ती बहुतेक वेळा सरकारची होती. पाटबंधारे, वनखातं, पोलीस, बीडीओ. गाडी सरकारची, पेट्रोल सरकारचं, लॉगबुक ड्रायव्हरकडे. त्या लॉगबुकांमध्ये जीपचं ॲव्हरेज काय लिहिलं गेलं असेल, यावर कुणीतरी कादंबरी लिहायला हवी.

मग १९७३ उजाडलं. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्चं तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. भारतात पेट्रोलचे भाव वाढले. नोव्हेंबरमध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीत बसून संसदेत गेले. तो फोटो तुम्ही कधी ना कधी फॉरवर्डमध्ये पाहिला असेल. जीपच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ होता. लिटरला सात-आठ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी आता स्वतःच्या खिशातून चालवणं कुणाला परवडणार नव्हतं.

उत्तर घरातच सापडलं. महिंद्रांची अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी होती, १९६३ पासूनची. कांदिवलीला ट्रॅक्टर बनत होते आणि त्यांना डिझेल इंजिनं होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात हे ट्रॅक्टरी डिझेल जीपमध्ये आलं. आवाज ट्रॅक्टरचा, थरथर ट्रॅक्टरची, वेग बेताचा. पण गाडी लिटरमध्ये जास्त जायला लागली. १९७९ मध्ये फ्रान्सच्या पूझोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला गेला. २.१ लिटरचं, ६२ अश्वशक्तीचं. एमएम ५४० चालवलेल्या माणसाला विचारा, त्याला अजून या इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवता येतो.

डिझेल कमी का पितं, हे थोडं समजून घ्यायला हवं. हरिकेन पेट्रोल इंजिन आत घेतलेली हवा साधारण सातपट दाबायचं. डिझेल इंजिन वीसपट आणि त्याहून जास्त दाबतं. जितकं जास्त दाबाल तितकं त्याच इंधनातून जास्त काम निघतं. शिवाय पेट्रोल इंजिनाचा वेग हवा अडवून आवरला जातो, आणि त्या अडलेल्या हवेशी झगडण्यात थोडी ताकद वाया जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी असते, फक्त इंधन कमी-जास्त होतं. आणि एका लिटर डिझेलमध्ये मुळातच लिटरभर पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के जास्त ऊर्जा असते.

कंपनीने जे केलं ते गॅरेजवाल्यांनीही केलं. जुनी पेट्रोल जीप घ्यायची, हरिकेन उतरवायचं आणि डिझेल बसवायचं. ट्रॅक्टरचं, पूझोचं, नाहीतर मेटाडोरचं, जे मिळेल ते. माझ्या मामाने १९८६ मध्ये एका सरकारी खात्याच्या लिलावात पेट्रोल सीजे-३बी घेतली आणि दोन वर्षांत तिचं काळीज बदललं. कराडच्या एका फिटरने इंजिनाचे फाउंडेशन कापून नवे वेल्ड केले, गिअरबॉक्सला जोडायला मधली प्लेट लेथवर करून घेतली, आणि आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात पेट्रोलचं डिझेल करून आणायला मामा तीन वेळा साताऱ्याला गेला. पेट्रोलवर ती लिटरला आठ द्यायची. डिझेलवर बारा. हा आकडा मी मामाच्या तोंडचा घेतलेला नाही. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मैलाचे दगड मोजत जायचं आणि परत येऊन त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, अशा पद्धतीने मी स्वतः तो दोनदा काढला आहे. किलोमीटरच्या काट्याची केबल तिला मी शाळेत असल्यापासून नाही.

मग हे इंधन वाचलं की पैसे? २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये लिटर होतं आणि डिझेल ४१ च्या आसपास. आठ देणारी पेट्रोल जीप तेव्हा किलोमीटरला सव्वानऊ रुपयांपर्यंत खायची, बारा देणारी डिझेल जीप साडेतीन रुपयांच्याही आत. किलोमीटरमागे पावणेसहा रुपये वाचले. आता क्षणभर समजा, दोन्हींचा भाव ७३ च आहे. मग डिझेल जीपला सहा रुपये लागतील आणि बचत होईल तीन रुपयांची. म्हणजे त्या पावणेसहा रुपयांतले तीन रुपये इंजिनाने वाचवले, आणि उरलेले जवळजवळ तितकेच सरकारने डिझेल स्वस्त ठेवल्यामुळे वाचले. आपण दोन्हींना एकच नाव दिलं, ॲव्हरेज. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षाही महाग झालं. ट्रॅक्टरच्या इंजिनाने दिलेली बचत तशीच राहिली, दिल्लीने दिलेली गेली.

ही स्वस्ताई नसती तर वडापही नसतं, असं माझं मत आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांना वडाप समजावून सांगायला नको. इतरांसाठी: एसटीच्या थांब्याजवळ उभी राहणारी, माणसं भरेपर्यंत न हलणारी, भरल्यावरही आणखी चार घेणारी जीप. कायद्याच्या भाषेत अवैध प्रवासी वाहतूक. नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा-अठरा, मागच्या पायरीवर तिघं लोंबकळलेले. माणशी भाडं ठरलेलं, त्यामुळे ड्रायव्हरची कमाई दोनच गोष्टींवर, किती माणसं कोंबली आणि किती डिझेल जाळलं. मामाने कराड ते चिपळूण या लाइनवर अकरा वर्षं काढली. शंभरेक किलोमीटर, मध्ये कोयना आणि कुंभार्ली घाट.

आणि घाटात न्यूट्रल. उतार लागला की गिअर काढायचा आणि गाडी सोडून द्यायची, काही जण तर इंजिनही बंद करायचे. डिझेल वाचतं, असं सगळे मानायचे. मामालाही त्याच्या उस्तादाने तेच शिकवलं होतं, आणि उस्तादाला त्याच्या उस्तादाने. ही साखळी मागे नेत गेलं की आपण पेट्रोल जीपच्या काळात पोचतो, आणि तिथे या सवयीला खरंच थोडा अर्थ होता. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये उतारावर धावत असली, तरी जोरात फिरणारं इंजिन कार्ब्युरेटरमधून थोडं थोडं पेट्रोल ओढत राहतं. न्यूट्रलमध्ये ते मंद होतं आणि कमी ओढतं. पण डिझेलच्या पंपाचं गणित वेगळं. गाडी गिअरमध्ये उतरत असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की गव्हर्नर डिझेल बंदच करतो. चाकं इंजिनाला फिरवतात, इंजिन चाकांना आवरतं, आणि टाकीतून एक थेंब जात नाही. गिअर काढला, की इंजिन चालू ठेवायला डिझेल लागायला लागतं. एवढं इंजिन जागेवर तासाला अर्धा-पाऊण लिटर घेतं. कुंभार्लीचा वीस मिनिटांचा तीव्र उतार धरला तर पेलाभर डिझेल. वाचायचं राहिलं बाजूला, जास्तच जळलं.

इंजिनं बदलली, शिकवण तशीच खाली उतरत आली. आणि तिची खरी किंमत डिझेलमध्ये नव्हती. चारही चाकांना ड्रम ब्रेक, अठरा माणसांचं वजन आणि इंजिनाची पकड सोडलेली. तिसऱ्या वळणापर्यंत लायनर जळल्याचा वास येतो आणि पाचव्याला पायडल पोकळ लागतं. मामाच्या लाइनवरचा एक ड्रायव्हर २००१ च्या पावसाळ्यात असाच उतरत होता. त्याने गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराला घासत थांबवली. माणसं वाचली. त्याचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मामाने त्या दिवसापासून कुंभार्ली दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला सुरुवात केली. लाइनवरचे बाकीचे त्याला हसायचे, "डिझेल जास्त झालंय व्हय?" म्हणायचे.

अशीच दुसरी सवय थर्मोस्टॅटची. इंजिन ऐंशी-ब्याऐंशी अंशांपर्यंत गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही छोटी झडप. भरल्या गाडीने घाट चढताना जीपा तापायच्या, कारण विहिरीचं जड पाणी घालून घालून रेडिएटरच्या नळ्या क्षाराने बुजलेल्या असायच्या. नळ्या साफ करणं खर्चाचं, थर्मोस्टॅट काढून फेकणं फुकट. त्यामुळे फिटर पहिल्यांदा तेच करायचा, आणि अजूनही करतो. घाटात गाडी तापायची थांबते. पण सपाटीवर, हिवाळ्यात, कोयनेच्या थंडीत तेच इंजिन कधी नीट गरमच होत नाही. थंड इंजिनात ऑइल घट्ट, घर्षण जास्त, डिझेल अर्धवट जळणारं. रोज थोडं थोडं, वर्षानुवर्षं, कुणाच्या लक्षात न येता जातं.

पेट्रोलियम बचतीसाठी सरकारने १९७८ मध्ये पीसीआरए ही संस्था काढली. ताशी ४५ ते ५५ च्या वेगात चालवा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, ब्रेक घासत नाहीत ना ते बघा, सिग्नलला इंजिन बंद करा, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली. आपण ते रेडिओवर ऐकून कंटाळलो. पण जुन्या जीपला याहून चांगला सल्ला कुणी दिलेला नाही, आणि पेट्रोलच्या पाइपला चुंबक बांधून ॲव्हरेज वाढवून देतो म्हणणाऱ्यांपेक्षा तर नक्कीच नाही.

पेट्रोलवर राहिलेल्या जीपांचं आता वेगळंच चाललंय. पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं, की बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची वॉशरं बदलावी लागतात ती वेगळीच. यातलं बरंच इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतून येतं. म्हणजे कराडच्या उसातून निघालेली ऊर्जा कराडच्याच एखाद्या हरिकेनला पचत नाहीये.

मामाची जीप डिझेलची, तिला हा त्रास नाही. तिला दुसरा आहे. नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची आणि वीस वर्षांवरच्या चारचाकीची त्याची फी २०२५ पासून दहा हजार रुपये झाली आहे. मामा आता चालवत नाही. मामेभाऊ म्हणतो विकून टाकू, ती पिते. म्हणून यंदा गणपतीला आम्ही दोघं कागद-पेन घेऊन बसलो. गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरते, शेतावर आणि लग्नकार्याला. बाराच्या हिशोबाने अडीचशे लिटर. सोळा देणारी नवी गाडी घेतली तर एकशे अठ्ठ्याऐंशी. वाचले बासष्ट लिटर, डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर वर्षाला साडेपाच हजार रुपये. नव्या गाडीची किंमत त्याने शेजारी लिहिली, बराच वेळ दोन्ही आकड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं, ॲव्हरेजचं राहू दे. पण दादा, हिला एसी नाही."

त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही कराडला जाऊन नवा थर्मोस्टॅट आणला आणि रेडिएटर सोलून साफ करायला टाकला.